उभी राहिली की नेऊ

अकरा मार्च, बुधवार. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजून फुगला होता आणि आज तो वाटून चीक काढायचा होता. बुधवारी कोल्हारात आमच्या भागात दिवसभर लाईट नसते, माझी पिठाची गिरणी बंद असते, म्हणून असली कामं मी बुधवारी काढते. पडवीतल्या टेबलाला हाताचं यंत्र आवळून बसवलं, खाली परात ठेवली आणि नातीला माझ्या डाव्या हाताला, लोखंडी खाटेला धरून उभी केली.

उभी केली, असं मी सहज लिहून गेले. त्या दोन शब्दांसाठी वर्षाच्या वर गेलं होतं.

नात अडीच वर्षांची. माझ्या लेकीची पहिली मुलगी. तिला डाऊन सिंड्रोम आहे. लेक पुणतांब्याला दिलेली आहे, आणि पोरगी माझ्याकडे आहे. ती माझ्याकडे का आहे हे सांगितलं की लोक हळहळतात, म्हणून मी सहसा सांगत नाही. आज सांगावं लागेल, कारण मी पहिली मूठ यंत्रात घातली आणि जावयाचा फोन आला.

"आई, येतोय आम्ही. मी, आमची आई आणि ही. दुपारपर्यंत पोहोचू."

"का येताय?"

"बघायला."

मी फोन ठेवला आणि गहू वाटायला लागले. भिजलेला गहू पाहुण्यांसाठी थांबत नाही, आंबतो.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. तसं ते केलं. नगरला दवाखान्यात पोरगी झाली, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिचे डोळे, मान, तळहात नीट बघितले आणि रक्त तपासायला पाठवलं. बारशाला सासरकडून चौघं आली आणि जेवून लगेच गेली. मग रीतीप्रमाणे तीन महिन्यांनी बाळ-बाळंतिणीला न्यायला आली. मी दोघींची तयारी केली होती. लेकीची बॅग वेगळी, पोरीची पिशवी वेगळी: झबली, दुपटी, काजळाची डबी, दुधाची वाटी.

विहीणबाईंनी माझ्या लेकीची बॅग गाडीत ठेवायला सांगितली आणि पिशवीकडे बघून म्हणाल्या, "ही ऱ्हाऊ द्या. पोरीचं दवाखान्याचं लई हाय, तुमाला नगर जवळ पडतं. पायावर उभी राहिली की नेऊ."

तेव्हा मला ते वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. बोलणं सरळ होतं, त्याला अट होती आणि अट पुरी करता येते, असा माझा स्वभाव. गाडी निघाली तेव्हा लेकीचा ब्लाउज दुधानं ओला झाला होता. तिनं त्यावर पदर ओढून घेतला. "महिन्यानं येते गं," म्हणाली. आली ती दिवाळीला, दोन दिवसांसाठी, आणि तोवर दूध आटलं होतं.

पिशवी मी आतल्या खोलीत खुंटीला लावून ठेवली, भरलेली.

पोरीचं अंग ओल्या कणकेसारखं होतं. उचलली की बगलेतून खाली घसरायची. तिच्या वयाची पोरं रांगत होती तेव्हा ही पडून होती, ती चालत होती तेव्हा ही बसायला शिकली. बसायला लागल्यावर मी जगातल्या सगळ्या आज्या करतात तेच करायला लागले. दोन्ही हात वर धरायचे आणि "उभी, उभी, उभी" म्हणत ओढायचं. नगरला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे मोठ्या कौतुकानं करून दाखवलं.

मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या, बोलायला तुटक. "हात सोडा. ही उभी नाही, ही टांगलेली आहे."

मला राग आला. पण मग त्यांनी पोरीला खाली ठेवून दाखवलं, तेव्हा दिसलं. ती पाय फाकवून, पावलं आतल्या बाजूला पाडून, गुडघे मागे ताणून उभी राहायची आणि पोट समोरच्या टेबलाला टेकवून द्यायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, उभी आहे. भार मात्र सगळा टेबलावर. टेबल काढा, पोरगी खाली. अशा मुलांचे सांधे सैल असतात, स्नायूंत ताण कमी असतो, म्हणून शरीर अशी चोरवाट काढतं, मॅडम म्हणाल्या. हात कमरेला लावा, बगलेत नाही. मान हिसकायची नाही. आधी बुटक्या डब्यावर बसवा, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकू द्या आणि तिथून तिचं तिला उठू द्या. हवी ती वस्तू समोर नको, जरा बाजूला ठेवा, म्हणजे भार एका पायावरून दुसऱ्यावर जाईल.

"आणि दोन्ही हातांत काहीतरी द्या," त्या म्हणाल्या. "हात कामात असले की धरायचं विसरते. ती विसरेल त्या दिवशी उभी राहील."

हे मला पटलं. मला काम दिलेलं पटतं.

मग गिरणी हीच आमची शाळा झाली. दळणाचे डबे घेऊन बायका यायच्या, मी चक्की चालवायची आणि पोरगी आत पुसून घेतलेल्या फरशीवर. पीठ सांडलं की तिचा पाय सटकायचा, म्हणून मी दिवसातून कितीदा फडकं फिरवायची ते मोजलं नाही. बुटका डबा बसायला, गव्हानं भरलेला तेलाचा मोठा डबा धरायला. तो हलत नाही. त्याच्यावर दोन झाकणं ठेवायची. ती बसल्या जागी हात लांबवायची, झाकणं लांब, मग पायात जोर घ्यायची, उठायची, धपकन बसायची. पुन्हा. तिला कंटाळा येतो असं लोकांना वाटतं. तिला येत नाही. मला येतो.

बायका सल्ले द्यायच्या. "काकू, अजून उभी न्हाई व्हय? मारुतीच्या पारावर शनवारी टेकवा की. त्यो उभा देव हाय, उभं करतो."

"सांगते मारुतीला. पण आधी तुझ्या नवऱ्याला उभा करायला सांगते. दहा वाजेपर्यंत लोळतो म्हणतेस."

बाकीच्या हसायच्या, ती पण हसायची. पण डबा उचलून जाताना पोरीच्या तोंडाकडे बघून च्च करायची. ते च्च मला सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त लागायचं. मी दळण जरा जाड काढून द्यायची.

गेल्या पावसाळ्यात विहीणबाईंनी एसटीच्या कंडक्टरबरोबर पांगुळगाडा पाठवून दिला. त्यांच्या गावच्या सुतारानं केलेला, लाल-पिवळा रंगवलेला, तीन चाकांचा. सोबत निरोप, आमची सगळी पोरं ह्याच्यावरच चालली. पोरीला धरवून बघितलं. चाकं पुढे, पोरगी मागे, आडवी. मॅडमना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, आत्ता नको, तिला थांबायला शिकायचंय, पळायला नाही. मी गाड्याची चाकं काढून फळीवर टाकली आणि आडवी दांडी पडवीच्या भिंतीला, पोरीच्या छातीच्या उंचीला ठोकून टाकली. ती मात्र फार उपयोगी पडली. भिंतीकडे तोंड करून दांडीला धरून उभं राहायचं, हात सोडायचा, टाळी वाजवायची, पुन्हा धरायचं. एक टाळी, कधी अर्धी.

फोनवर लेक विचारायची, "उभी राहते का गं?" मी म्हणायची, "धरून राहते. येऊन बघ." ती म्हणायची, "बघते हं, कांदा काढून झाला की." मग कांद्याचं झालं की हरभरा. मग तिला पुन्हा दिवस गेले. हे तिनं मला चौथ्या महिन्यात सांगितलं, तेही पोरीच्या खोकल्याचं बोलता बोलता.

तर ते दुपारी आले. गाडीतून आधी विहीणबाई उतरल्या, मग जावई, मग लेक, नवी आंब्याच्या रंगाची साडी, पोट दिसायला लागलेलं. मी हात धुऊन पोह्याला फोडणी दिली. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली. माझा नवरा कारखान्यावर पाळीला होता, घरात पुरुषमाणूस जावईच.

पोह्याच्या बशा घेऊन बाहेर आले आणि दारातच माझ्या लक्षात आलं. भिंतीला टेकून विहीणबाई, शेजारी त्यांचा मुलगा, समोर सतरंजी मोकळी सोडलेली. हेच, असंच, याच खोलीत पाच वर्षांपूर्वी झालं होतं. तेव्हाही मी पोहेच केले होते आणि याच बाई माझ्या लेकीला म्हणाल्या होत्या, "जरा दारापर्यंत चालून दाखव गं." पायात खोट नाही ना हे बघतात. लेक चालली होती, मान खाली घालून, आणि पास झाली होती. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. सगळ्यांकडे बघतात.

"आना की तिला," विहीणबाई म्हणाल्या.

मी पोरीला सतरंजीवर आणून ठेवली. ती बसली, सगळ्यांकडे बघून हसली. ती कोणाकडेही बघून हसते, त्यात ओळखीचा भाग नाही.

विहीणबाईंनी पिशवीतून बूट काढले, गुलाबी, पाऊल टाकलं की पिप्-पिप् वाजणारे. "घालून बघू. आवाजानं पाय उचलंल."

"ती अनवाणीच उभी राहते. आणि सतरंजीवर नाही, फरशीवर. सतरंजी सरकते."

"घाला तर खरं. एवढ्या हौसंनं आनल्यात."

घातले. दोन बोटं मोठे होते. जावयानं मोबाईल धरला, व्हिडिओ काढायला. घरी दाखवायचा असणार, किंवा भावकीत. विहीणबाईंनी पोरीचे दोन्ही हात वर धरून ओढले, "उभी, उभी, उभी!" पोरीनं पाय गोळा करून घेतले आणि बसून राहिली. पुन्हा ओढलं. मी म्हणाले, "हिसकू नका." तिसऱ्या वेळी पोरीनं एक बूट पायातून ओढून काढला आणि तोंडात घातला.

"अजून न्हाईच म्हना," विहीणबाई मुलाकडे बघून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मला सुटल्यासारखं काही ऐकू आलं. तो आवाज मी ओळखते. दळण न्यायला येताना पैसे विसरलेली बाई, गिरणी बंद दिसली की अशीच बोलते.

लेक पोहे खात होती. कोथिंबीर बाजूला काढून ठेवत होती, लहानपणी काढायची तशी.

मला चिकाची घाई होती. वाटलेला गहू उन्हात राहिला असता तर आंबून गेला असता. म्हटलं, "तुम्ही बसा, मी तेवढं पिळून घेते, मग चहा टाकते." पोरीचा दुसरा बूट काढला, तिला उचलून पडवीत नेलं आणि बुटक्या डब्यावर बसवलं. तिची ती खाटेला धरून उठली. मी खाटेवर पातेलं ठेवलं, वाटलेला गहू पंच्यात बांधून त्यावर धरला आणि पिळायला लागले. दुधासारखा पांढरा चीक पातेल्यात पडायला लागला.

विहीणबाई मागोमाग आल्याच. बसवत नाही त्यांना. "आमच्या गाड्याची चाकं कुठं गेली?"

"फळीवर आहेत."

"काढली व्हय? सागाचा हुता त्यो."

"दांडी कामाला आली. ही बघा भिंतीला."

त्या बघायला वळल्या आणि तेवढ्यात पोरीनं पंच्यातून गळणारी धार पाहिली. आधी एक हात पुढे केला. मग दुसरा. दोन्ही हातांची ओंजळ धारेखाली धरली, चीक बोटांतून गळायला लागला आणि तिला हसू यायला लागलं. पोट खाटेला लागलेलं नव्हतं. गुडघे ताणलेले नव्हते, जरा वाकलेले होते, मॅडम सांगतात तसे. पावलं फाकलेली होती, पण तळवे पूर्ण टेकलेले. कुठेही धरलेलं नव्हतं. जरा डुलली, भार डावीकडे गेला, मला वाटलं आता बसणार, पण तिनं तो सावरून परत मधे आणला. मी पंचा पिळत राहिले, धार तुटू दिली नाही. धार तुटली असती तर ती बसली असती.

जावई दारात होता. "आई," तो त्याच्या आईला म्हणाला, "उभी आहे ही. न धरता."

"व्हय की," विहीणबाई म्हणाल्या.

मोबाईल त्याच्या हातातच होता, पण त्यानं तो वर धरला नाही. धार संपली, पोरीनं खाटेला धरलं. पातेलं बाजूला ठेवून मी हात पुसले. जे मला सांगायचं होतं ते आता सांगायची गरजच नव्हती. त्यांनीच बोलायला हवं होतं.

शेवटी विहीणबाई बोलल्या. "चालाया लागू द्या. उभं काय, बाहुलं बी ऱ्हातं उभं."

"शब्द उभं राहण्याचा होता."

"म्या काय स्टँपवर लिहून दिलतं? तसं तोंडातनं निघतं मान्साच्या. आन् आता हिचं हे असं. ह्या खेपेला बाळातपन बी आमी आमच्याकडंच करू म्हनतो, तुमाला आधीच काम हाय. तपासन्या सगळ्या चांगल्या आल्यात." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. जणू मागच्या खेपेला लेक माझ्या घरात राहिल्यानंच तपासण्या बिघडल्या होत्या.

मी त्यांना सोडलं आणि लेकीकडे वळले. ती उंबऱ्यात उभी होती. "तुझं काय? तुला न्यायची आहे का?"

"आई, तिथं तिच्याकडं कोण बघणार? मला आता दोन होतील. इथं ती चांगली आहे तुझ्या हातात. बघ ना, उभीसुद्धा राहिली."

"तुला न्यायची आहे का, एवढंच विचारलं."

पोरगी खाटेच्या कडेकडेनं सरकत तिच्या बाजूला आली होती. चिकानं भरलेला एक हात तिनं आईकडे लांब केला, दाखवायला की द्यायला कोण जाणे. लेकीनं पदर मागे ओढून घेतला. साडी नवी होती.

मी ते पाहिलं. तिनं मी पाहिलेलं पाहिलं. सव्वादोन वर्षं मला वाटत होतं की अट त्या बाईची आहे आणि माझी लेक तिच्या मागे उभी राहून वाट बघते आहे. मी त्या बाईशी लढत होते. चुकीच्या माणसाशी.

चहा केला. चहा पिताना कांद्याच्या भावावर बोलणं झालं. निघताना मी लेकीची ओटी भरली. पोटुशी लेक माहेरून रिकामी पाठवत नाहीत. तांदूळ, नारळ, खण. नारळाला माझ्या हाताचा चीक लागला होता, तो तिनं हळूच कागदानं पुसला. खाली वाकून पाया पडली. मी "सुखी राहा" म्हणाले, तेही रीतीप्रमाणे, पण खोटं नाही.

गाडीत बसताना विहीणबाई म्हणाल्या, "बूट ऱ्हाऊ द्या, मोठी झाली की व्हतील."

"होतील," मी म्हणाले. "आणि पुढच्या वेळी बघायला म्हणून येऊ नका. जेवायला या."

जावई माझ्याकडे बघू शकला नाही. बरा मुलगा आहे तो, पण त्याच्या बरेपणाचा कोणाला उपयोग नाही.

नवरा संध्याकाळी आला. "काय म्हणाले?"

"पोहे चांगले झाले म्हणाले."

पोरीला मांडीवर घेऊन बसला आणि तिच्या केसांतला वाळलेला चीक नखानं काढत राहिला.

सकाळी अंधारातच उठले. रात्रभरात चीक खाली बसला होता, वरचं पाणी ओतून दिलं, आधण ठेवलं, मीठ-हिंग घातलं आणि चीक शिजवला. ऊन यायच्या आत कुरडया घालून व्हायला हव्यात. गच्चीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून सोऱ्यानं घालून आले. पातेल्याच्या तळाशी राहिलेला गरम चीक तूप घालून पोरीसाठी ठेवला.

मग आतल्या खोलीत जाऊन खुंटीवरची पिशवी काढली. झबली तर कधीच आखूड झाली होती. मागच्या वर्षी ठेवलेले दोन फ्रॉकही तिच्या डोक्यातून जाईनात. बरं मऊ सुती कापड होतं. फाडून हातपुसणी केली. काजळ वाळून खडा झालं होतं, टाकून दिलं. पिशवी दळणाच्या पिशव्यांत ठेवली.

ती उठली, चीक खाल्ला, खाटेशी गेली आणि पोट टेकवून रेलून उभी राहिली, पुन्हा पहिल्यासारखी. कालचं काल. खाट तिला आता बुटकी पडते, म्हणून रेलता येतं. मागच्या अंगणातून चार विटा आणल्या, खाटेच्या चारही पायांखाली एकेक सारली, हलवून बघितली, हलत नव्हती. दोन झाकणं उचलून जरा डावीकडे ठेवली आणि गिरणी चालू केली.